फौजेतून बाहेर पडताना: रिझ्युमे आणि अर्ज कसा लिहायचा

निवृत्त जवानाचा बायोडाटा कंपनीत येतो तेव्हा त्यात बहुधा तीन गोष्टी असतात. हुद्दा, पलटणीचं नाव आणि शेवटी एक ओळ: ‘प्रामाणिक, शिस्तप्रिय, कोणतेही काम करण्यास तयार.’ तो कागद वाचणारी व्यक्ती पंचविशीतली असते. तिनं हवालदार पाहिलेला असतो तो पोलीस ठाण्यातला. ‘सीक्यूएमएच’ म्हणजे तुकडीचा साठा सांभाळणारा हवालदार, ‘कोत एनसीओ’ म्हणजे शस्त्रागार सांभाळणारा, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ‘कोणतेही काम’ ही ओळ वाचून ती कागद सिक्युरिटीच्या फाइलला लावते. फौजेतल्या अख्ख्या कंपनीचा, म्हणजे तुकडीचा साठा वर्षानुवर्षं एका वस्तूची तूट न येऊ देता सांभाळलेला माणूस अशा रीतीनं गेटवर पोचतो. त्याच वेळी त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये सुपरवायझरची जागा रिकामी असते.

कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात असे अर्ज वाचणं हे माझं काम आहे. घरात दोन पिढ्या फौजेत गेल्या, त्यामुळं त्या तीन ओळींमागं किती वर्षांचं काम दडलेलं असतं तेही मला दिसतं. गेटवरची नोकरी मानाचीच आहे आणि ज्यांना ती हवी त्यांनी ती जरूर करावी. फक्त ती तुम्ही निवडलेली असावी, कागद अपुरा पडला म्हणून वाट्याला आलेली नसावी.

पुढचं सगळं मुख्यतः जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार) यांच्यासाठी आहे. नौदल-हवाई दलातून आलेल्यांना आणि अग्निवीरांनाही त्यातलं बहुतेक लागू पडेल.

वर्षभर आधी: कागदपत्रं

रिझ्युमे लिहायला बसण्याआधी तो ज्यावर उभा राहणार ते कागद तपासा. हे काम युनिटमध्ये असतानाच सोपं जातं. एकदा गावी आलात की रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करण्यात महिने जातात.

सगळ्यात जास्त घोटाळा नावाचा आणि जन्मतारखेचा असतो. शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील संभाजी रामचंद्र’, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ‘पाटील संभाजी आर.’ आणि आधारवर ‘संभाजी रामचंद्र पाटील’. भरतीच्या वेळी हे चाललं, पण नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत हमखास अडतं. दहावीचं प्रमाणपत्र, सर्व्हिस रेकॉर्ड, आधार, पॅन आणि बँकेचं खाते पुस्तक शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. फरक असेल तर युनिटच्या क्लर्कला गाठून निवृत्तीआधीच दुरुस्तीची प्रक्रिया सुरू करा.

त्यानंतर कोर्सची प्रमाणपत्रं. प्रत्येक कोर्सचा कागद तुमच्या हातात असतोच असं नाही. काहींची नुसती पार्ट टू ऑर्डर (सेवेतल्या नोंदीचा आदेश) निघालेली असते. कोणते कोर्स केले, कुठे, किती आठवड्यांचे आणि ग्रेडिंग काय मिळालं, याची यादी क्लिअरन्स घेण्यापूर्वी करून घ्या. एमटीच्या, म्हणजे वाहन विभागाच्या माणसांनी नागरी हेवी लायसन्सचं काम मागं ठेवू नये. खासगी कंपनीला फौजेतलं ड्रायव्हिंग कितीही पटलं, तरी आरटीओचं लायसन्स नसेल तर ती गाडी हातात देऊ शकत नाही.

निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे कोर्स असतात. तिथं ‘जो मिळेल तो’ असं करू नका. स्टोअरच्या माणसानं वेअरहाउस किंवा सप्लाय चेनचा कोर्स घ्यावा, क्लर्कनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर शिकावं. रिझ्युमेवर मागच्या कामाशी जुळणारा एक नागरी कोर्स असला की वाचणाऱ्याची शंका अर्धी कमी होते.

निवृत्त झाल्यावर डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) घेऊन आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, माजी सैनिक ओळखपत्र काढा आणि नोकरीसाठी नाव नोंदवा. ‘पुढे बघू’ म्हणत ही नोंदणी राहून जाते, आणि जागा निघते तेव्हा धावपळ होते.

वही घ्या आणि पोस्टिंगवार लिहा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. रिझ्युमे चांगला होतो की नाही ते इथंच ठरतं.

एक साधी वही घ्या. प्रत्येक पोस्टिंगला एक पान. गावाचं नाव किंवा फील्ड-पीस (मोहिमेच्या भागातलं की शांत ठाण्यातलं पोस्टिंग) लिहिण्याची गरज नाही. त्या काळात तुमच्या हातात काय होतं ते लिहा. हाताखाली किती माणसं होती? ताब्यात काय होतं: गाड्या, जनरेटर, रेडिओ सेट, औषधं, रेशन, कपडे, रोख रक्कम? कोणती रजिस्टरं भरत होता? तपासणी कोण करायचं आणि निकाल काय लागायचा? कुणाला काय शिकवलं? तुम्ही येण्याआधी काय बिघडलेलं होतं आणि तुम्ही गेलात तेव्हा ते कसं होतं?

शेवटच्या प्रश्नावर थांबून विचार करा. फौजेत चांगलं काम केलं तर ते ‘ड्युटी’ म्हणून धरलं जातं, सांगायची सवय लागत नाही. पण ‘स्टोअरमध्ये वस्तू शोधायला अर्धा दिवस लागायचा, मी रॅकला क्रमांक देऊन यादी कॉम्प्युटरवर घेतली, मग दहा मिनिटांत सापडू लागली’ हे वाक्य कारखान्याच्या मॅनेजरला थेट कळतं.

‘मी तर जीडी, जनरल ड्युटीवाला. माझ्याकडे कुठला ट्रेड?’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकतो आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं. सेक्शन कमांडर म्हणून तुम्ही आठ-दहा माणसांचं काम, सुट्ट्या, आजारपण आणि भांडणं सांभाळलीत. शॉप फ्लोअरवरचा शिफ्ट सुपरवायझर हेच करतो. गार्ड कमांडर म्हणून चोवीस तासांचं ड्युटी रोस्टर लावलंत. कोत एनसीओ असाल तर दररोज मोजणी, सही आणि किल्ल्यांची नोंद न चुकता केलीत. कंपन्या महागड्या वस्तूंच्या ताब्यासाठी अशाच सवयीचा माणूस शोधतात. बेळगावच्या सेंटरला किंवा नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक म्हणून राहिला असाल तर नव्या माणसाला शून्यातून उभं करण्याचा अनुभव तुमच्याकडे आहे; कारखान्यात नवीन कामगारांचं सुरक्षा प्रशिक्षण घेणारा माणूस त्याच कसाचा लागतो. पुराच्या वेळी बचावकार्याला गेला असाल, २०१९ साली सांगली-कोल्हापूरला आलेल्या पुरात अनेक जण गेले होते, तर तेही लिहा. आपत्तीत काम केलेला माणूस फायर आणि सेफ्टी विभागाला हवा असतो.

ट्रेडवाल्यांची वाट थोडी सरळ आहे. एसकेटीनं (स्टोअरकीपर टेक्निकल) स्टोअर, वेअरहाउस, खरेदी विभाग बघावा. क्लर्क एसडीनं (कार्यालयीन कारकून) ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशन, वेतन विभाग, टाइम ऑफिस. नर्सिंग असिस्टंटनं मोठ्या कारखान्यांतला प्रथमोपचार कक्ष, रुग्णवाहिका सेवा, रुग्णालयाचं प्रशासन. ईएमईच्या (लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती विभागाच्या) मेकॅनिकनं वाहनांची सर्व्हिस सेंटरं आणि कारखान्यातलं मेंटेनन्स, सिग्नलवाल्यानं टेलिकॉम आणि फायबर नेटवर्क. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून आलेल्यानं बांधकाम, पाणीपुरवठा, डीजी सेट आणि अवजड यंत्रं. नौदलात इंजिन रूममध्ये काम केलेल्याला कारखान्याचा युटिलिटी विभाग ओळखीचा वाटेल. हवाई दलाच्या तंत्रज्ञानं विमान देखभालीच्या जागा आधी बघाव्यात. नागपूरच्या मिहानमध्ये असं केंद्र आहे. काही जागांना वेगळी नागरी पात्रता लागते, जसं सेफ्टी ऑफिसरला औद्योगिक सुरक्षेची पदविका. ती नसताना त्या पदासाठी अर्ज केला तर पहिल्याच चाळणीत जातो. सेफ्टी सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करा आणि पदविकेला प्रवेश घेतल्याचं रिझ्युमेवर लिहा.

आता जाहिरात वाचा

वही भरली की लगेच टायपिंगला बसू नका. आधी तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या चार-पाच जाहिराती गोळा करा आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करा. ‘इन्व्हेंटरी’, ‘स्टॉक ऑडिट’, ‘डिस्पॅच’, ‘व्हेंडर’, ‘शिफ्ट प्लॅनिंग’. मग वहीतलं तुमचं कोणतं काम त्या शब्दाखाली बसतं ते बघा. लेजर म्हणजे इन्व्हेंटरी रेकॉर्ड. अधिकाऱ्यांचं बोर्ड बसून होणारी मोजणी म्हणजे स्टॉक ऑडिट. इश्यू व्हाउचर म्हणजे मटेरियल इश्यू स्लिप. काम तेच असतं. वाचणाऱ्याला त्याच्या ओळखीच्या नावानं सांगायचं. न केलेलं काम मात्र कोणत्याच नावानं लिहू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

एकच रिझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवू नका. मूळ मसुदा एक ठेवा आणि प्रत्येक पदासाठी वरचा परिच्छेद आणि अनुभवाच्या पहिल्या चार ओळी बदला.

रिझ्युमे: वरून खाली

खासगी कंपनीला रिझ्युमे बहुतेक वेळा इंग्रजीत लागतो. तरी मसुदा आधी मराठीत लिहा. ज्या भाषेत विचार करता तिथं काम नेमकं सांगता येतं. मग मुलगी, पुतण्या किंवा गावातला एखादा शिक्षक इंग्रजी करून देईल. सायबर कॅफेतल्या तयार नमुन्यात नाव बदलून घेतलेला बायोडाटा लगेच ओळखू येतो. त्यात तुम्ही कुठंच नसता.

सगळ्यात वर नाव, मोबाइल, ई-मेल, तालुका आणि जिल्हा. पूर्ण पत्ता, वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती हे लग्नाच्या बायोडाट्यातलं आहे, ते काढा. ई-मेल स्वतःच्या नावाचा असावा आणि तो रोज उघडला जावा. फोटो मागितला तरच लावा, आणि तो साध्या शर्टातला. वर्दीतला फोटो तुमच्यासाठी अभिमानाचा आहे, पण नोकरीच्या कागदावर आणि अनोळखी पोर्टलवर तो नको.

त्याखाली तीन-चार ओळींचा परिचय. एका स्टोअरच्या माणसासाठी तो असा असू शकतो:

‘भारतीय सैन्यात १९ वर्षे सेवा, त्यातील ११ वर्षे साठा व्यवस्थापन. १०० हून अधिक व्यक्तींच्या साहित्याची आवक, जावक आणि नोंदी स्वतंत्रपणे सांभाळल्या. संगणकावरील साठा नोंदींचा अनुभव. पुणे-चाकण परिसरात स्टोअर सुपरवायझर पदासाठी इच्छुक.’

बघा, यात ‘प्रामाणिक’ आणि ‘शिस्तप्रिय’ हे शब्द नाहीत. सैन्यातून आलेला माणूस शिस्तीचा असतो हे वाचणारा धरूनच चालतो; त्याला तुम्ही काय करू शकता ते जाणून घ्यायचं असतं.

मग अनुभव. शेवटचं पोस्टिंग आधी आणि सर्वात जुनं शेवटी. गेल्या आठ-दहा वर्षांना जागा द्या. रिक्रूट ट्रेनिंग आणि पहिली काही वर्षं दोन ओळींत आवरा. पदनाम लिहिताना हुद्दा आणि नागरी काम दोन्ही ठेवा: ‘हवालदार, साठा पर्यवेक्षक’. हुद्दा लपवायचा नाही, पण एकटा सोडायचाही नाही. प्रत्येक कामाखाली तीन ते पाच ओळी, प्रत्येक ओळीत आकडा किंवा निकाल.

असं बहुतेक जण लिहितात: ‘२०१६ ते २०१९, क्वार्टर मास्टर विभागात ड्युटी.’

असं लिहा: ‘कंपनीच्या कपडे, बिछाना, तंबू आणि स्वयंपाक साहित्याचा साठा तीन वर्षे सांभाळला. खातेवही आणि आवक-जावक पावत्या रोज पूर्ण केल्या. तीन सहायकांच्या कामाची आखणी केली. तिन्ही वार्षिक तपासण्यांत तूट आढळली नाही.’

एमटीचं बहुतेक जण असं लिहितात: ‘ड्रायव्हर म्हणून विविध ठिकाणी सेवा.’

त्याऐवजी: ‘१२ वर्षे अवजड वाहन चालवले, त्यातील ४ वर्षे अतिउंच, बर्फाळ डोंगरी रस्त्यांवर. शेवटची ३ वर्षे १५ वाहनांचे दैनंदिन नियोजन, इंधन नोंदी आणि देखभाल वेळापत्रक. या काळात माझ्या विभागातील वाहनांचा एकही अपघात नाही.’

आकडे तुमचे स्वतःचे आणि खरे असावेत. नेमका आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा.

शिक्षणात सावधपणे लिहा. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षे सेवा झालेल्यांना मिळणारं पदवी समकक्ष प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या गट क मधल्या, तांत्रिक पात्रता न मागणाऱ्या जागांसाठी उपयोगी पडतं. खासगी कंपनीवर ते बंधनकारक नाही. त्यामुळं रिझ्युमेवर ‘बी.ए.’ किंवा नुसतं ‘पदवीधर’ लिहू नका. ‘दहावी, महाराष्ट्र बोर्ड, पदवी समकक्ष प्रमाणपत्र, भारतीय सैन्य’ असं स्पष्ट लिहा. सेवेत असताना मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर ती अर्थातच वर.

कोर्स आठ-दहा असतील तर पदाशी जुळणारे तीन-चारच ठेवा. स्टोअरच्या नोकरीला कमांडो कोर्सचा उपयोग नाही. सिक्युरिटी ऑफिसरच्या नोकरीला आहे. पदकांचंही तसंच. सेवेच्या काळात मिळालेल्या सगळ्या पदकांची यादी नागरी वाचकाला काही सांगत नाही. शौर्यपदक किंवा लष्करप्रमुखांचं, आर्मी कमांडरचं प्रशस्तिपत्र असेल तर जरूर, आणि ते कोणत्या कामासाठी मिळालं ते एका ओळीत. डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा ‘एक्झम्प्लरी’ असेल तर तो तसाच लिहा. ‘मी प्रामाणिक आहे’ या वाक्यापेक्षा त्या एका शब्दाला वजन आहे, कारण तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला आहे. शेप-वन (सर्वोच्च वैद्यकीय श्रेणी) असाल तर ‘वैद्यकीयदृष्ट्या पूर्ण तंदुरुस्त’ असं लिहा.

एकूण दोन पानं. पांढरा कागद, काळी अक्षरं, नक्षी-किनारी नाही. पीडीएफ करा आणि फाइलला तुमचं नाव आणि पद द्या.

काय लिहायचं नाही

१९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. युनिटचं नेमकं ठिकाण, ऑपरेशनचा तपशील, शस्त्रांची संख्या आणि प्रकार, रेडिओ सेटची मॉडेलं, तैनातीच्या तारखा यांतलं काहीही रिझ्युमेत किंवा नोकरीच्या पोर्टलवर टाकू नका. ‘उत्तर सीमेवरील अतिउंच भागात सेवा’ एवढं पुरेसं आहे. मुलाखतीत कुणी उत्सुकतेनं विचारलंच तर ‘त्याबद्दल बोलता येणार नाही’ म्हणा. जाणता मालक त्या उत्तरामुळं तुमच्यावर जास्त विश्वास ठेवेल.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओचे फोटो अर्जासोबत सरसकट पाठवू नका. निवड झाल्यावर मूळ प्रती दाखवा. पेन्शनच्या खात्यावर डोळा ठेवून फसवणूक करणारे असतात. नोकरी लावतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याशीही व्यवहार नको, तो स्वतःला माजी सैनिक म्हणवत असला तरी.

संदर्भासाठी नावं द्यायची तर निवृत्त झालेल्या कंपनी कमांडरला किंवा सुभेदार साहेबांना आधी फोन करून विचारा. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याचा नंबर परस्पर देऊ नका.

आणि पेन्शन. ती रिझ्युमेत लिहू नका, अर्जात लिहू नका, विचारल्याशिवाय बोलू नका. ‘तुम्हाला पेन्शन आहेच, मग एवढा पगार कशाला?’ हा प्रश्न अनेक ठिकाणी येतो, आणि पुष्कळ जण संकोचून कमी पगाराला हो म्हणतात. पेन्शन तुम्ही केलेल्या सेवेची आहे, ती मिळवून झाली आहे. नव्या खुर्चीत बसून जे काम करणार त्याचा मोबदला त्या कामाच्या बाजारभावानं ठरतो. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाइतकाच पगार मागणं हा हक्क आहे. जाण्याआधी त्या भागात त्या पदाला काय मिळतं याची चौकशी करा आणि आकडा शांतपणे सांगा.

अर्ज, म्हणजेच कव्हर लेटर

रिझ्युमे तुम्ही काय केलंत ते सांगतो. अर्जानं हे सांगायचं की या जागेसाठी तुम्हीच का. एक पानाच्या वर नको. साखर कारखाना, सूतगिरणी, पतसंस्था, शिक्षणसंस्था इथं तो मराठीतच चांगला. मोठ्या खासगी कंपनीला इंग्रजीत ई-मेलच्या मजकुरातच लिहा. ‘महोदय, मी एक गरीब शेतकरी कुटुंबातील माजी सैनिक असून कृपया संधी द्यावी’ ही सुरुवात मनापासून टाळा. तुम्ही दया मागायला गेलेला नाहीत, काम करायला गेला आहात.

साखर कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी पदासाठी नमुना देतो:

‘प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
(कारखान्याचे नाव व पत्ता)

विषय: सुरक्षा अधिकारी पदासाठी अर्ज

महोदय,

आपल्या कारखान्यातील सुरक्षा अधिकारी पदाची जाहिरात वाचून हा अर्ज करत आहे. मी भारतीय सैन्यातून नायब सुभेदार पदावरून २६ वर्षांची सेवा पूर्ण करून निवृत्त झालो आहे.

गळीत हंगामात कारखान्यात ऊस वाहतुकीच्या वाहनांची मोठी वर्दळ असते आणि वजनकाट्यापासून गोदामापर्यंत चोवीस तास लक्ष ठेवावे लागते. सेवेतील शेवटच्या ५ वर्षांत मी ३० जणांच्या तुकडीचे तीन पाळ्यांतील नियोजन, वाहनांची प्रवेश नोंद आणि गोदामांचा बंदोबस्त पाहिला आहे. आग विझवण्याचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मी घेतले असून तुकडीलाही दिले आहे.

मी याच तालुक्यातील रहिवासी आहे आणि हंगामात रात्रपाळीसह पूर्ण वेळ उपलब्ध राहू शकेन. हंगाम सुरू होण्यापूर्वी भेटीची वेळ मिळाल्यास सविस्तर माहिती देईन. सोबत रिझ्युमे जोडला आहे.

आपला विश्वासू,’

दुसरा परिच्छेद सगळ्यात मोलाचा आहे. त्यात कारखान्याची स्वतःची अडचण ओळखून दाखवली आहे आणि लगेच ती कशी सांभाळाल ते सांगितलं आहे. प्रत्येक अर्जात हा परिच्छेद नवा लिहावा लागतो, आणि त्यासाठी त्या जागेची थोडी माहिती काढावी लागते: गेटवर उभं राहून बघा, तिथं काम करणाऱ्या कुणाला विचारा. बाकीचे परिच्छेद तसेच ठेवले तरी चालतील.

अग्निवीरांसाठी

२०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम सेवेत घेतले जातात. बाकीच्यांनी बाहेर आल्यावर रिझ्युमेत ‘निवड झाली नाही’ असा सूर कुठंच आणू नये. ‘चार वर्षांची ठरलेली सेवा पूर्ण’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. योजनेच्या अटींनुसार अग्निवीरांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, म्हणून माजी सैनिक कोट्याच्या रकान्यात सरसकट खूण करू नका. तो कोटा तुम्हाला लागू आहे का ते आधी जाहिरातीत तपासा. तुमच्याकडे वय आहे, कौशल्य प्रमाणपत्र आहे आणि सेवा निधीची, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणारी रक्कम आहे. तिचा काही भाग आयटीआय, पदविका किंवा पदवीला लावलात तर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तुमचा रिझ्युमे बरोबरीच्या मुलांपेक्षा भरीव दिसेल. मात्र अनुभव कमी असल्यानं शिक्षण वर आणि अनुभव खाली ठेवा, आणि एका पानात संपवा.

सरकारी जागा आणि एक वही

सरकारी भरतीत रिझ्युमे नसतो, ऑनलाइन फॉर्म असतो, पण वरची वही तिथंही कामी येते. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्र सरकारच्या गट क मध्ये १० टक्के, तर सार्वजनिक बँका आणि सरकारी उपक्रमांत गट क ला १४.५ टक्के आणि गट ड ला २४.५ टक्के. केंद्राच्या या जागांसाठी वयातून लष्करी सेवेची वर्षं वजा होतात आणि वर तीन वर्षांची सवलत मिळते. म्हणजे वय ३८ आणि सेवा १७ वर्षे असेल तर हिशेबाचं वय २१ धरलं जातं. ‘वय झालं’ म्हणून घरी बसू नका. वर्षभरात निवृत्त होणाऱ्या जवानालाही केंद्राच्या जागांसाठी अर्ज करता येतो.

आता एक नियम, जो माहीत नसल्यामुळं अनेकांचं नुकसान झालं आहे. केंद्राच्या नियमानुसार माजी सैनिक म्हणून एकदा सरकारी नोकरीत रुजू झालात की पुढच्या भरतीसाठी आरक्षणाचा लाभ संपतो. पण रुजू होण्याआधीच तुम्ही इतर जागांसाठी अर्ज केलेले असतील, आणि रुजू झाल्याबरोबर त्यांची तारीखवार यादी नव्या कार्यालयाला लेखी दिलीत, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. उदाहरणार्थ, बँकेत शिपाई म्हणून लागलात आणि आधी भरलेल्या क्लार्कच्या परीक्षेचा निकाल नंतर आला, तर ती यादी दिली असेल तरच माजी सैनिक कोट्यातून पुढे जाता येतं. म्हणून प्रत्येक अर्जाची तारीख, पद, जाहिरात क्रमांक आणि नोंदणी क्रमांक वहीत उतरवा, आणि अर्जाची प्रिंट तिथंच चिकटवा. रुजू होताना यादी दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या.

पाठवल्यानंतर

खासगी नोकरीसाठी तीन वाटा एकदम चालू ठेवा. पहिली, लष्कराच्या वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशनसारख्या सैन्यदलांच्या प्लेसमेंट संस्था आणि डीजीआर. दुसरी, पुण्यातलं महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को. तिसरी, तुमच्याच पलटणीतले आधी बाहेर पडलेले. तिसरी वाट सगळ्यात लवकर फळते. एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात आपला माणूस असेल तर त्याला ‘काही असेल तर सांग’ म्हणू नका. ‘स्टोअर किंवा डिस्पॅचमध्ये जागा निघाली तर हा रिझ्युमे दे’ असं सांगून पीडीएफ पाठवा. नेमकं पद कळलं की तो पुढं काही करू शकतो.

अर्ज गेला की वहीत नोंद करा. आठ-दहा दिवसांनी एक फोन किंवा दोन ओळींचा ई-मेल: नाव, पद, अर्जाची तारीख आणि ‘अर्ज मिळाला का, पुढील प्रक्रिया काय आहे?’ उत्तर नाही आलं तर आणखी दोन आठवड्यांनी एकदाच विचारा आणि पुढच्या जागेकडे वळा. दहा-बारा ठिकाणी अर्ज करूनही एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही तर वरचा परिचय पुन्हा लिहा, आणि फौजेशी काहीच संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला तो वाचायला देऊन विचारा: ‘हा माणूस काय काम करतो ते कळलं का?’ त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर जिथं तो अडखळला ती ओळ बदला आणि नवा मसुदा पाठवायला सुरुवात करा.